‘घ्या’ म्हणणारी पुस्तके

मराठीत एक ग्रंथप्रकार असा आहे की ज्याच्या खपाचा कथा-कादंबऱ्यांनी हेवा करावा, पण ज्याला वाङ्मय म्हणून कोणी खिजगणतीत धरीत नाही. पाककृतींची पुस्तके हा तो प्रकार. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले, त्याच्या तर लाखांवर प्रती खपल्या. एवढा वाचकवर्ग ज्या लिखाणाला लाभला, त्याची भाषा, त्याचा निवेदक, त्याने गृहीत धरलेला वाचक यांची चिकित्सा कोणी करायची? प्रस्थापित समीक्षेने हे बायकांचे काम म्हणून बाजूला टाकले. दलित समीक्षाही त्याकडे फारशी वळली नाही, कारण तिच्यापुढचा प्रश्न भुकेचा होता. चवीचा विचार ही पोट भरलेल्यांची चैन वाटत होती. माझे म्हणणे असे की भूक आणि चव हे दोन्ही प्रश्न एकाच चुलीवरचे आहेत, आणि ती चूल पेटवणाऱ्या बाईकडे दोन्ही बाजूंच्या वाङ्मयाने पाठ फिरवलेली आहे.

या पुस्तकांचे सारे व्याकरण एका क्रियापदावर उभे आहे. ते क्रियापद म्हणजे ‘घ्या’. दोन वाट्या रवा घ्या, अर्धी वाटी तूप घ्या, एक ओला नारळ घ्या. हे रूप वाचताना नम्र वाटते, पण त्याने फार मोठी गोष्ट गृहीत धरलेली असते. घरात फडताळ आहे, फडताळात डबे आहेत, डब्यांत जिन्नस आहे आणि तो काढून घेण्याची मुभा स्वयंपाक करणाऱ्या बाईला आहे, इतके सगळे त्या एका ‘घ्या’मध्ये बसलेले आहे. ज्या घरात संध्याकाळी मजुरी हातात पडल्यावर पुडीपुडीने मीठ-मिरची येते, त्या घरातल्या बाईला हे वाक्य परक्या देशातले वाटते. तिचे वाक्य ‘असेल तर’ने सुरू होते. कांदा असेल तर चिर. तेल असेल तर सोड. नसेल तर? त्या ‘नसेल तर’च्या पुढे तिची खरी विद्या सुरू होते, आणि नेमकी तीच विद्या छापली गेलेली नाही.

ओगलेबाईंवर माझा राग नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईने जन्मभर चुलीपुढे कमावलेले ज्ञान वाटी-चमच्याच्या मापात नेमके बसवून नवख्या मुलींच्या हाती दिले, हे सोपे काम नव्हे. ‘अंदाजाने’ आणि ‘चवीपुरते’ या शब्दांमागे दडवून ठेवलेली कला तिने मोकळी केली. आणि ही पुस्तके शाकाहारी म्हणून आपल्याला परकी, असेही समजू नये. धुरंधरबाई पाठारे प्रभू. त्यांच्या पुस्तकात मांस आहे, मासळी आहे. तेव्हा अडले ते मांसापाशी नाही. कोणत्या अंगाचे मांस, कोणी कापलेले, कोणत्या भांड्यात शिजवलेले आणि कोणाच्या पंक्तीत वाढलेले, तिथे अडले. मटण पुस्तकात येते. वजडी, रक्ती, मुंडी, खूर ही उंबऱ्याबाहेर राहतात.

हे सगळे पुन्हा मनात घोळू लागले ते एका वहीमुळे. लोणावळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात पावसाळ्याच्या तीन महिन्यांत वर्षावासानिमित्त ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपल्यावर चहाच्या वेळी बाया थोड्या रेंगाळतात. मी पेशाने मास्तर, तेव्हा वही-पेन्सिल पुढे करण्याची खोड जात नाही. गेल्या पावसाळ्यात मी सुचवले की प्रत्येकीने आपल्या आवडीचा एक पदार्थ आणि स्वयंपाकातली एक युक्ती सांगावी, आपण लिहून ठेवू. शंभर पानी वही होती. पाऊस उघडेपर्यंत सत्तर पाने भरली. त्या वहीला मी इथे एक पुस्तक मानून तिची समीक्षा करणार आहे. तिला लेखिका तीसच्या वर आहेत. प्रस्तावना नाही.

वहीची पहिली पंधरा-वीस पाने पाहून कोणीही म्हणेल की यात नवे ते काय. पनीरची भाजी, पुलाव, कोफ्ते, गाजराचा हलवा, अंडे न घालता केलेला केक. सांगणाऱ्या बाया सफाईने सांगतात, एकीलाही अडखळायला होत नाही. कारण उघड आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांतून शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबे उतरतात, आणि आमच्या वस्तीतल्या कितीतरी बाया त्यांच्या स्वयंपाकघरांत राबतात. आठ-दहा बंगल्यांच्या चवी एकेका बाईच्या हातात आहेत. गुजराती घरात आमटीत गूळ, पंजाबी घरात कसुरी मेथी, जैन घरात कांदा-लसूण-बटाटा काही नाही आणि सूर्य मावळायच्या आत ताट. कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकाइतके हे ज्ञान आहे, आणि ते पगारी आहे. ‘तुमच्या आवडीचं सांगा’ म्हटल्यावर त्यांनी मालकिणीच्या आवडीचे सांगितले. यात लाचारी होती असे मला वाटत नाही. आपण जे विकतो ते चांगले आहे, असे कारागीर सांगतो, तसेच त्या सांगत होत्या. आपल्या घरात शिजते त्याला ‘पदार्थ’ म्हणतात, हे मात्र त्यांच्या कानावर कधी पडले नव्हते. एक मावशी म्हणाल्याच, ‘आपलं काय सांगायचं सर? ते तर रोजचं खाणं. त्याला काय कृती असती?’

या बंगल्यांत शिरताना काय विचारले जाते, हेही वहीच्या समासात आले आहे. आडनाव विचारतात. आडनावावरून उमगले नाही तर गाव विचारतात, गावावरून नाही तर ‘तुमच्यात देव कोणते’ असे विचारतात. धुण्याभांड्याच्या बाईला हे प्रश्न फारसे नसतात, पोळ्या लाटणाऱ्या बाईला असतात. हे आपल्या डोंगरावरचेच आहे असे समजू नका. २०१७ च्या सप्टेंबरात खुद्द पुण्यात, हवामानशास्त्रातल्या एका वरिष्ठ अधिकारी बाईंनी पोलिसांत तक्रार दिली होती की स्वयंपाकाच्या बाईने ब्राह्मण आणि सुवासीण असल्याचे सांगून आपले सोवळे मोडले. ती स्वयंपाकीण मराठा होती. गदारोळ झाला, तक्रार मागे घेतली गेली. विज्ञान शिकल्याने स्वयंपाकघर बदलते, या समजुतीचे काय करायचे ते वाचकांनी ठरवावे. माझ्यापुरता मुद्दा असा की आपल्याकडे पाककृतीबरोबर पाककर्तीची जात वाचली जाते. पुस्तकात ती छापावी लागत नाही, इतकेच.

वहीचा खरा प्रारंभ एकविसाव्या पानाशी होतो. एका म्हाताऱ्या आजींनी, बंगल्यांवर कधी न गेलेल्या, भातलावणीत जन्म काढलेल्या, तेऱ्याचे कालवण सांगितले. पहिल्या पावसानंतर दगडी बांधांवर, घरांच्या कडेने उगवणारे हे रानटी अळू. त्याची खाज घशात बसते. आजींचे शब्द मी होते तसे उतरवले आहेत: ‘देठं सोलायच्या आधी हाताला तेल लाव. तेल नसंल तर चुलीतली राख लाव. चिंच दडपून घाल, चिंच नसंल तर आंबट काय बी घाल, पर आंबटाबिगर शिजवू नको. आन शिजताना सारखं ढवळू नको.’ यात माप एकही नाही, वेळ एकही नाही. पण अन्न आणि विष यांच्यातली रेघ कुठे आहे हे अचूक आहे. जे पुकट उगवते ते खाण्याजोगे करण्याचे शास्त्र आहे हे.

त्यानंतर बांध फुटला. सुकट आधी तव्यावर कोरडी भाजायची, मग पाण्यात टाकून हलवायची म्हणजे वाळू तळाशी बसते, आणि वरची सुकट हलक्या हाताने उचलून घ्यायची. नाचणीचे पीठ कढत पाण्यात मळले की भाकरी थापताना चिरत नाही. हुलग्याचे माडगे पातळ करायचे ते आजाऱ्यासाठी, घट्ट करायचे ते कामाला जाणाऱ्यासाठी. वजडी गरम पाण्यात बुडवून चुना लावून खरवडायची, तीन पाणी बदलायची. तिला तेल घालू नये, तिची चरबीच तेल सोडते, म्हणून कांदा आधी नाही, मागून घालायचा. खेकड्यांचे मोठे तुकडे वेगळे ठेवायचे आणि बारीक पाय पाट्यावर वाटून, पाणी घालून, फडक्यातून गाळायचे. तो रस हेच कालवण. वर भाजलेले पीठ लावून दाट करायचे.

खेकड्यांच्या या पानावर थांबले पाहिजे, कारण इथे दोन वाङ्मयांतला फरक उघडा पडतो. छापील पुस्तकात पाककृतीच्या डोक्यावर लिहिलेले असते की हे चार माणसांसाठी. माणसे आठ झाली तर जिन्नस दुप्पट करा. जिन्नस बदलतो, माणसे ठरलेली. सांगणाऱ्या ताईंनी मला सांगितले ते उलटे होते: ‘खेकडे पाचच घावले, आन घरात नऊ माणसं.’ इथे जिन्नस ठरलेला आहे आणि माणसे वाढत जातात. शेजारचे पोर येऊन बसले तर दहावे. पाय वाटून गाळण्याची युक्ती या गणितातून जन्मली. तिला कोणी ‘किचन टिप्स’ म्हणेल. माझ्या मते ती अर्थशास्त्राची एक पायरी आहे. आणि त्यातून निघालेली चव अव्वल आहे, हे सांगायला मी लाजणार नाही. पाय न वाटता केलेला खेकड्याचा रस्सा मला पुळकवणी लागतो.

आता या ‘टिपां’चाच एक वेगळा प्रकार. घरगुती पाककृतींच्या लिखाणात उरलेल्या अन्नाला मोठे स्थान असते. शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाताचे थालीपीठ, उरलेल्या आमटीत कणीक मळणे. काटकसरी गृहिणीचे कौतुक म्हणून हे छापले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच शिळ्या भाकरीचा दुसरा इतिहास आहे. येसकराची पाळी ज्याच्या घरी, त्याने काठी-घोंगडे घेऊन संध्याकाळी दारोदार उभे राहायचे आणि वरून टाकलेले तुकडे गोळा करायचे. गावाची राखण, सांगावा, मेलेली जनावरे ओढणे या सगळ्या कामाची ती मजुरी होती. १९५८ च्या कायद्याने हलकी गावकामगार वतने रद्द झाली तेव्हा कुठे हा हिशेब कागदावर तरी मिटला. एका दारात जे शिळे म्हणजे कल्पकता, ते दुसऱ्या हातात पडले की वेतन. आमच्या वहीत शिळ्या भाकरीची एकही कृती नाही. मी मुद्दाम विचारले. आजी म्हणाल्या, ‘शिळं खाल्लं लई. पर ते लिवायचं न्हाई.’ मी आग्रह केला नाही.

दलित आत्मकथनांनी हे तुकडे मराठी वाङ्मयाच्या पंक्तीत आणून टाकले, तो आपल्या साहित्याचा मोठा पराक्रम आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली. पांढरपेशा वाचकाला पहिल्यांदा कळले की अन्न हा अपमानही असू शकतो. पण या आत्मकथनांतल्या स्वयंपाकाकडे आपण वाचक म्हणून कसे पाहिले? ‘अक्करमाशी’त संतामाय शेणातून न पचलेले जोंधळ्याचे दाणे निवडते, धुते, दळते आणि त्याची भाकरी करते. समीक्षेने या प्रसंगाची दाहकता सांगितली, व्यवस्थेचा धिक्कार केला. करायलाच हवा. पण त्या प्रसंगात एक बाई काम करते आहे. दाणा कुठवर धुवायचा, वाळवायचा किती, कोणाच्या ताटात काय जायचे, हे ती ठरवते. ती भाकरी ती स्वतःसाठी करते. लेकराला दुसऱ्या पिठाची. तो तिचा निर्णय आहे. आपण त्या भाकरीत दारिद्र्य पाहिले, जात पाहिली, आणि भाकरी करणारीला त्या दारिद्र्याचा पुरावा करून टाकले. पाकशास्त्राच्या पुस्तकात ती दलित म्हणून नाही. आपल्या समीक्षेत ती आहे, पण हात नसलेली.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये चित्र वेगळे आहे. हे लेखन १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. तिथे सांगणारी बाईच असल्यामुळे चूल आतून दिसते. बाळंतिणीची भूक दिसते, सुनेच्या वाट्याला काय उरते ते दिसते. बाहेरच्या जातीने आपल्याला शेवटच्या पंक्तीत बसवले हे आपण तारस्वरात सांगतो. घरातल्या पंक्तीत शेवटी कोण बसते हे सांगायला बेबीताई, उर्मिला पवार यांच्यासारख्या बाया लिहित्या व्हाव्या लागल्या. आमच्या वहीतही हे आहे. खेकड्याच्या त्याच पानावर शेवटी लिहिले आहे: तुकडे आधी कारभाऱ्याला आणि पोरांना, गाळलेला रस बाकीच्यांना. ‘बाकीच्यांना’ म्हणजे कोणाला, हे मी विचारले तेव्हा सगळ्या हसल्या.

वही लिहिली जात असताना एक वाद झाला, तो मला या लेखातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. वजडीचे पान लिहिले त्या दिवशी वस्तीतले एक जुने कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, उठून उभे राहिले. ‘बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं, तेच तुम्ही विहारात बसून वहीत लिहून ठेवणार?’ त्यांचा आवाज कापत होता. त्यांची हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे तुकडे सोडा असे सांगितले, आणि त्या सांगण्यासाठी आपल्या माणसांनी गावोगाव मार खाल्ला, बहिष्कार सोसले. ज्याने तो नकार जगून दाखवला, त्याच्या डोळ्यांना त्या आतड्यांच्या कृतीत पराभव दिसला तर नवल नाही. त्यावर सांगणाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, ‘दादा, सोडाया सांगितलं ते मेलेलं. ही वजडी मी बाजारातनं रोकडे पैसे मोजून आणती. मेलेल्याची न्हाई, कुणी वरून टाकलेली बी न्हाई.’ दादा खाली बसले. पटले म्हणून, की दमले म्हणून, कोणास ठाऊक.

मला त्यांच्या वादात एक तिसरी गोष्ट दिसली. महाडचा ठराव परिषदेत झाला. अंमल चुलीपाशी झाला. ज्या घरात वर्षाचे काही महिने वाळवलेल्या चान्यांवर निघत, त्या घरात दुसऱ्या दिवशी कालवण कशाचे झाले? एवढ्या मोठ्या सांस्कृतिक क्रांतीनंतर रोजच्या ताटातली पोकळी कोणी, कशाने भरली? रानभाजी, सुकट, हुलगे, मिरचीचा ठेचा यांच्या असंख्य युक्त्या त्या नकाराच्या पोटी जन्मल्या असतील. आपल्या चळवळीच्या इतिहासात ठरावांच्या तारखा आहेत, वक्त्यांची नावे आहेत. तो ठराव ज्यांनी रोज दोन वेळा पाळून दाखवला, त्यांनी काय शिजवले याचे एक पानही नाही. १९४८ च्या ‘दि अनटचेबल्स’ ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ गोमांसभक्षणाच्या इतिहासात शोधले. अन्न हा संशोधनाचा विषय आहे हे त्यांनी आपल्याला तेव्हाच दाखवून दिले होते.

या दिशेने काम झालेले नाही असे नाही. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकारी-विद्यार्थ्यांनी ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे पुस्तक केले. दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि इतिहास असा त्याचा विषय. ते इंग्रजीत, त्यामुळे आमच्या वस्तीपर्यंत आले नाही. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. जेवणाआधीच्या श्लोकातल्या पूर्णब्रह्मात एक ‘अ’ घालून त्यांनी निम्मी समीक्षा शीर्षकातच उरकली आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांचे खाणे त्यांनी कृतींसह, कसलीही माफी न मागता लिहिले. २०२४ साली भूषण कोरगावकरांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाने ते देशभर गेले. मी या पुस्तकाला फार मोठे मानतो. माझी एकच तक्रार आहे. त्यातला निवेदक चुलीसमोर बसलेला मुलगा वाटतो. त्याला चव आठवते, इतिहास आठवतो, राग आठवतो. चटका बसलेल्या बोटांची आठवण ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती त्याच्याकडून अपेक्षिणेही अन्यायाचे. ते काम बायांचे आहे. ‘काम’ हा शब्द मी इथे लिहिण्याच्या अर्थाने वापरतो.

पाटोळ्यांचे पुस्तक आले त्याच २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या प्राणी संरक्षण कायद्यातली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने लागू झाली आणि गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवून, परराज्यातून आणलेले मांस बाळगण्याचा गुन्हा तेवढा रद्द केला. आमच्या वहीत ‘मोठ्याचं’ एकाच पानावर आहे, तेही अर्धे. सांगता सांगता बाई थांबल्या आणि म्हणाल्या, बाकीचं राहू द्या.

लोणावळा हे खाण्यासाठी नावाजलेले गाव. चिक्कीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: घाटातल्या रेल्वेच्या मजुरांना गूळ आणि शेंगदाण्याची गूळदाणी विकली जाई, तिची पुढे चिक्की झाली आणि मगनलाल हे नाव घरोघर पोहोचले. बोरघाटाचे ते काम १८५६ ते १८६३ चालले. १८६१ साली त्यावर ४२,००० मजूर होते. हजारो माणसे पटकीने आणि अपघातांनी मेली. विकणाऱ्याचे नाव पेटीवर आहे. खाणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. आणखी मागे जायचे तर कार्ल्याच्या लेण्यात जा. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या वर्षावासाच्या निर्वाहासाठी करजिक गाव दान दिल्याचा लेख एकोणीसशे वर्षे दगडावर टिकून आहे. गाव देणारा अमर झाला. त्या पावसाळ्यांत करजिकच्या कोणत्या हातांनी भात कांडला, ते कोरण्याची पद्धत नव्हती.

म्हणून मी ठरवले होते की वही छापायची तर प्रत्येक कृतीखाली सांगणारीचे नाव घालायचे. आजींनी होकार दिला, आत्याबाईंनी तर छातीवर हात मारून दिला. पण बंगल्यांवर जाणाऱ्या बायांपैकी बहुतेकींनी नाही म्हटले. पनीर-पुलावाखाली नाव घाला, वजडीखाली नको. एका तरुण मुलीने कारण सांगितले: ‘सर, तिकडं मी आडनाव वेगळं लावलंय.’ आता पेच असा आहे की नाव नसलेली पाककृती पुन्हा ‘लोकपरंपरा’ नावाच्या बेवारस पोत्यात जाणार आणि नाव घातले तर चूल विझणार. यावर सोपा तोडगा मला सापडलेला नाही, आणि ‘निर्भय व्हा’ असे त्या मुलीला सांगण्याचा अधिकार पेन्शन घेणाऱ्या मास्तरला नाही.

इकडे काळ मात्र बदलतो आहे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, आणि नाचणी एकाएकी प्रतिष्ठित झाली. पूर्वी जे शेतावरचे खाणे होते ते आता हॉटेलांतल्या ‘गावरान थाळी’त मातीच्या ताटलीत येते. मावळचा इंद्रायणी तांदूळ, वडगावच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या वंशातून तयार झालेला आणि १९८७ साली प्रसारित झालेला, तो पर्यटक पिशव्या भरून नेतात. लावणी करणाऱ्या आजींच्या वहीतल्या पानावर मात्र कण्यांची पेज आहे. आणि कढत पाण्यात पीठ मळण्याची युक्ती जिने सांगितली, ती ताई सध्या एका रिसॉर्टमध्ये चुलीवरच्या नाचणीच्या भाकरी थापते. लोक भोवती उभे राहून फोटो काढतात. तिने नऊवारी नेसावी असा मालकाचा आग्रह आहे. ती नेसते, त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. नाचणी आताशा परवडत नाही म्हणून घरी ती रेशनचा तांदूळ शिजवते. वहीत तिच्या पानाखाली नावाची जागा मी कोरी ठेवली आहे.